पाच बटणांवर भूप: आर्डुइनो आणि छोट्या स्पीकरचं स्वरवाद्य

मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे आर्डुइनोसारख्या प्रोग्रॅमने चालणाऱ्या छोट्या बोर्डावर, संगीत करायचं म्हटलं की बहुतेक जण तयार धून वाजवणारा प्रोग्रॅम उतरवून घेतात, दोन-चार वेळा ऐकतात आणि बोर्ड खणात ठेवून देतात. त्या प्रोग्रॅमसोबत स्वरांचा एक तयार तक्ता येतो. तो पियानोचा असतो, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग केलेला. सा सेकंदाला २४० आंदोलनांचा धरला तर त्या हिशोबाने गंधार येतो ३०२.४ वर. तंबोरा लावून हा गंधार ऐका, तो चढा लागतो. तंबोऱ्याशी जुळणारा गंधार ३०० वर आहे.

मायक्रोकंट्रोलरला मात्र पियानोचं बंधन नाही. ३०० म्हटलं की तो सेकंदाला ३०० आंदोलनं देतो. संवादिनीवर पट्ट्या जशा लागल्या असतील तशा घ्याव्या लागतात; इथे प्रत्येक स्वर आपण आकड्याने लावायचा. म्हणून मला हे वाद्य फार आवडतं आणि म्हणूनच हा लेख तयार तक्त्याशिवाय लिहिला आहे. शेवटी हातात येईल ती भूपाचे पाच स्वर वाजवणारी पाच बटणांची छोटी पेटी. सोल्डरिंग न करता एका रविवारी होण्यासारखं काम आहे.

सामान

आर्डुइनो ऊनो आर-३ किंवा नॅनो. दोन्हींवर एटीमेगा ३२८ पी हीच चिप असते, त्यामुळे खालचे सगळे आकडे दोघांनाही लागू पडतात. एक ब्रेडबोर्ड (सोल्डरिंग न करता वायरी खोचायची भोकांची पाटी), पंधरा-वीस जंपर वायरी, २२० ओहमचा एक रेझिस्टर (पट्टे लाल, लाल, तपकिरी), चार पायांची सात पुश बटणं (पाच स्वरांची, दोन सप्तक बदलायची) आणि ८ ओहम, अर्ध्या वॅटचा स्पीकर. सव्वादोन इंच व्यासाचा स्पीकर सहज मिळतो. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतला किंवा मोडक्या खेळण्यातला काढला तरी चालेल. पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे हे सगळं एका फेरीत होतं.

यूएसबी केबल घेताना ती डेटाची आहे ना, हे विचारून घ्या. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. बोर्डावरचा दिवा लागतो, पण संगणकाला बोर्ड दिसतच नाही.

स्पीकरऐवजी दुकानदार बझर पुढे करेल. बझर दोन प्रकारचे असतात. अ‍ॅक्टिव्ह बझरच्या पोटात स्वतःचं ऑसिलेटर असतं. पाच व्होल्ट दिले की तो आपला एकच सूर धरून ओरडतो, त्यावर सरगम होणार नाही. पॅसिव्ह बझरला पाच व्होल्ट लावले तर नुसता ‘टक्’ आवाज येतो. त्यावर सरगम वाजते, पण ही पिएझो चकती साधारण २ ते ४ हजार हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक आंदोलन) आसपास जोरात बोलते आणि मध्य सप्तकात किरटी वाटते. स्वर ऐकायचा असेल तर कागदी शंकूचा स्पीकरच घ्या.

जोडणी, आणि रेझिस्टर का हवा

पिन ८ पासून २२० ओहमचा रेझिस्टर, रेझिस्टरच्या दुसऱ्या टोकाला स्पीकरची एक वायर आणि स्पीकरची दुसरी वायर बोर्डावरच्या जीएनडी (ग्राउंड) पिनला. स्पीकरची टोकं उलटसुलट झाली तरी इथे फरक पडत नाही.

रेझिस्टर गाळून ‘बघू तर काय होतं’ असं करू नका. पिनवर ५ व्होल्ट असतात आणि स्पीकर ८ ओहमचा. भागाकार केला तर ६२५ मिलिअँपिअर होतात. चिपच्या एका पिनची कमाल मर्यादा आहे ४० मिलिअँपिअर, आणि रोजच्या वापरात २० च्या आसपास राहिलेलं बरं. २२० ओहम मध्ये घातले की प्रवाह २२ मिलिअँपिअरवर येतो. बऱ्याच ठिकाणी १०० ओहम सांगतात. त्याने आवाज थोडा मोठा होतो, पण पिनला मर्यादेच्या काठावर ठेवून वाजवणं मला पटत नाही. आवाज वाढवायचा रस्ता वेगळा आहे, तो पुढे येईल.

पहिली पायरी: टकटकीचा स्वर होताना ऐका

संगणकावर आर्डुइनोचं सॉफ्टवेअर उघडा, ‘टूल्स’मध्ये बोर्ड आणि पोर्ट निवडा. स्वस्त बोर्डावर बहुधा सीएच-३४० ही यूएसबी चिप असते. पोर्ट दिसत नसेल तर तिचा ड्रायव्हर घालावा लागतो. नॅनोवर अपलोड अडलं तर ‘प्रोसेसर’ या यादीत ‘ओल्ड बूटलोडर’ निवडून पाहा.

या लेखात प्रोग्रॅममधले शब्द देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते सॉफ्टवेअरसोबत आलेल्या उदाहरणांत जसे रोमन लिपीत दिसतात तसेच लिहायचे, लहान-मोठ्या अक्षरांसकट. प्रोग्रॅममधले आकडेही इंग्रजी.

आता ‘फाइल’, ‘एक्झाम्पल्स’, ‘०१ बेसिक्स’, ‘ब्लिंक’. दिवा मिचकावणारं हे उदाहरण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यात ‘एलईडी_बिल्टइन’ तीन ठिकाणी आहे, तिथे ८ लिहा आणि अपलोड करा. दर सेकंदाला स्पीकरमधून एक ‘टक्’ येईल. पिन चालू झाली की शंकू पुढे सरकतो, बंद झाली की मागे येतो. बोटाचं टोक शंकूवर अगदी हलकं ठेवलंत तर ते जाणवतंही.

दोन्ही ‘डिले’मधला १००० काढून १०० करा. सेकंदाला दहा टकटकी, अजून मोजता येतात. मग २० करा. आता मोजता येत नाहीत, नुसती घरघर. आणि मग २ करा.

घरघर नाहीशी होते आणि तिथे एक स्वर उभा राहतो. दोन मिलिसेकंद चालू, दोन बंद, म्हणजे चार मिलिसेकंदांचं एक आंदोलन, सेकंदाला २५०. मुलांना शिकवताना मी या जागी नेहमी थांबते. टकटक आणि स्वर या एकाच गोष्टीच्या दोन गती आहेत, हे कान स्वतः पकडतो, समजावून सांगावं लागत नाही.

आता स्वर नेमका लावू. ‘डिले’च्या जागी ‘डिलेमायक्रोसेकंड्स’ लिहा (एकच शब्द, त्यातला ‘एम’ तेवढा मोठ्या लिपीतला) आणि दोन्ही ठिकाणी २०८३ घाला. मिळून ४१६६ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाला २४० आंदोलनं. हा आपला षड्ज. आपल्याकडच्या संगीतशास्त्राच्या पुस्तकांत सा २४० धरून बाकीच्या स्वरांची आंदोलनसंख्या मांडायची रीत आहे. ती का सोयीची आहे ते लगेच दिसेल.

त्याआधी एक प्रयोग. पहिल्या ठिकाणी ५०० आणि दुसऱ्या ठिकाणी ३६६७ घाला. बेरीज तितकीच, म्हणून स्वर तोच, पण आवाजाची जात बदलते. चालू-बंदचा वेळ सारखा असताना त्या आवाजात मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशा फक्त विषम पटींचे स्वयंभू स्वर असतात, म्हणून तो पोकळ, क्लॅरिनेटच्या खालच्या सुरांसारखा लागतो. वेळ असमान केला की सम पटीही येतात आणि आवाज बारीक, नाकातला, पुंगीच्या अंगाने जाणारा होतो. १००० आणि ३१६७ ही जोडीही ऐकून पाहा. पट्टी तीच ठेवून गळा बदलावा तसं होतं.

दुसरी पायरी: आपली सरगम

प्रत्येक स्वरासाठी मायक्रोसेकंद मोजत बसायला नको. ‘टोन’ नावाची आज्ञा आहे: टोन(८, २४०) म्हटलं की पिन ८ वर २४० आंदोलनांचा स्वर सुरू होतो आणि ‘नोटोन(८)’ म्हणेपर्यंत वाजत राहतो. तिसरा आकडा दिला तर तो किती मिलिसेकंद वाजायचा ते ठरतं. ही आज्ञा एका वेळी एकच स्वर वाजवते, आणि ३१ हर्ट्झच्या खाली जात नाही. आपल्याला दोन्हींची अडचण नाही.

सा २४० धरल्यावर शुद्ध प्रमाणांनी येणारे स्वर असे:

सा २४०
कोमल रे २५६ (१६/१५)
रे २७० (९/८)
कोमल ग २८८ (६/५)
ग ३०० (५/४)
म ३२० (४/३)
तीव्र म ३३७.५ (४५/३२), लिहिताना ३३८
प ३६० (३/२)
कोमल ध ३८४ (८/५)
ध ४०० (५/३)
कोमल नि ४३२ (९/५)
नि ४५० (१५/८)
तार सा ४८०

तीव्र मध्यम सोडला तर एकही अपूर्णांक नाही. २४० निवडण्याचा हा फायदा. मंद्र सप्तकाला निम्मे करा, तार सप्तकाला दुप्पट.

ज्यांना स्वतःच्या पट्टीत वाजवायचं आहे त्यांनी सा बदलावा: काळी चार २०८, काळी पाच २३३, पांढरी एक २६२, काळी एक २७७. पुरुषी गळ्याची काळी एक खरं तर १३९ वर असते, पण एवढासा स्पीकर तिथे क्षीण होतो, म्हणून वरच्या सप्तकातली २७७ घेतलेली बरी. २४० हा काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधोमध पडतो, तेव्हा मोबाइलवरच्या तंबोऱ्याशी जुळवायचं असेल तर त्या अ‍ॅपमध्ये सूक्ष्म स्वर वर-खाली करायची सोय वापरा किंवा सरळ २३३ घ्या.

पट्टी बदलणं सोपं राहावं म्हणून प्रोग्रॅममध्ये सा हा एक आकडा ठेवून बाकीचे स्वर त्यावरून काढले तर उत्तम. इथे एक खड्डा आहे आणि मी त्यात पडले आहे. पहिल्यांदा मी रे साठी लिहिलं ‘सा गुणिले, कंसात ९ भागिले ८’. ग, म, प सगळे तसेच. अपलोड केल्यावर सगळ्या बटणांतून एकच स्वर, सा. तासभर वायरी हलवल्या, बटणं बदलली, ब्रेडबोर्डसुद्धा बदलला. दोष भागाकारात होता. या भाषेत पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं तर उत्तरही पूर्णांकच येतं, उरलेला भाग टाकून दिला जातो. ९ भागिले ८ म्हणजे १. ५ भागिले ४ म्हणजेही १. ३ भागिले २ म्हणजेही १. त्यामुळे आधी गुणा, मग भागा: सा गुणिले ९ भागिले ८, कंस नको. ऊनोवर साधा पूर्णांक ३२७६७ च्या पुढे जात नाही हेही ध्यानात ठेवा. मध्य सप्तकाच्या सा ला ४५ ने गुणलं तरी चालतं, पण तार सप्तकातून पुढे गेलात की तीव्र मध्यमाचा हिशोब फुटेल.

तिसरी पायरी: भूपाची पकड

‘एक्झाम्पल्स’मध्ये ‘०२ डिजिटल’, त्यात ‘टोनमेलडी’ उघडा. सॉफ्टवेअरसोबत आलेलं हे उदाहरण पिन ८ वरच वाजतं, म्हणून जोडणीला हात लावायचा नाही. त्यात ‘मेलडी’ नावाची स्वरांची ओळ आहे आणि ‘नोटड्युरेशन्स’ ही कालावधीची. दोन्हींतला मजकूर पुसून आपला घालू.

सा रे ग, रे सा ध़, सा रे ग, प ग, ध प ग, रे सा. भूप शिकणाऱ्या कुणालाही ही संगती तोंडपाठ असते. आकड्यांत: २४०, २७०, ३००, २७०, २४०, २००, २४०, २७०, ३००, ३६०, ३००, ४००, ३६०, ३००, २७०, २४०. त्यातला २०० हा मंद्र धैवत.

कालावधी: ४, ४, २, ४, ४, २, ४, ४, २, ४, २, ४, ४, २, ४, १. इथे ४ म्हणजे सेकंदाचा चौथा भाग, २ म्हणजे अर्धा सेकंद, १ म्हणजे पूर्ण सेकंद. प्रत्येक तुकड्याच्या शेवटच्या स्वरावर थांबायचं, म्हणून तिथे लहान आकडा. गंधारावर ठहराव यायलाच हवा, भूपाचा तो वादी, म्हणजे मुख्य स्वर आहे.

आपले स्वर सोळा आहेत आणि उदाहरणात आठ होते. खाली ‘फॉर’च्या ओळीतला ८ काढून १६ केला नाही तर धून अर्ध्यात तुटेल.

आणखी एक दुरुस्ती लयीची. उदाहरणात प्रत्येक स्वराच्या कालावधीला १.३० ने गुणून तेवढं थांबायला सांगितलं आहे. स्वर सुटे ऐकू यावेत म्हणून ती फट ठेवलेली, पण त्यामुळे पाव सेकंदाचा स्वर प्रत्यक्षात ३२५ मिलिसेकंद खातो आणि तुम्ही ठरवलेली लय राहत नाही. मी १.३० च्या जागी १.० करते आणि ‘टोन’च्या ओळीत कालावधीला ०.९ ने गुणते. मग स्वर नव्वद टक्के वेळ वाजतो, दहा टक्के श्वास घेतो, आणि मात्रा जागच्या जागी पडते. धून संथ हवी असेल तर १००० भागिले असं जिथे लिहिलं आहे तिथे २००० करा.

हे सगळं ‘सेटअप’मध्ये लिहिलेलं असल्याने एकदाच वाजतं. पुन्हा ऐकायला बोर्डावरचं रीसेटचं बटण दाबा.

चौथी पायरी: बटणं

चार पायांच्या पुश बटणाचे पाय दोन-दोनच्या जोडीने आतून कायमचे जोडलेले असतात. बटण नव्वद अंशांनी फिरलेलं बसलं तर ते सतत दाबल्यासारखंच वागतं, आणि नवशिक्यांचा निम्मा वेळ इथेच जातो. उपाय सोपा: बटण ब्रेडबोर्डच्या मधल्या खाचेवर आडवं बसवा आणि वायरी तिरक्या समोरासमोरच्या दोन पायांना जोडा. तिरके पाय कधीच आतून जोडलेले नसतात, मग बटण कसंही बसलं तरी चालतं.

पाच बटणांचा एकेक पाय पिन २, ३, ४, ५, ६ ला आणि दुसरा पाय जीएनडीला. ० आणि १ या पिना मोकळ्या ठेवा, प्रोग्रॅम त्यांच्यावरूनच चढतो. बटणांना वेगळे रेझिस्टर नकोत: ‘सेटअप’मध्ये प्रत्येक पिनला ‘इनपुट_पुलअप’ म्हणून जाहीर केलं की चिपच्या आतलाच रेझिस्टर पिनला वर खेचून धरतो. मोकळं बटण ‘हाय’, दाबलेलं ‘लो’. हे उलटं वाटतं, पण दोन दिवसांत सवय होते. ‘०२ डिजिटल’मधलं ‘डिजिटलइनपुटपुलअप’ हे उदाहरण समोर ठेवा म्हणजे शब्द कसे लिहायचे ते कळेल.

‘लूप’मध्ये काय लिहायचं ते शब्दांत सांगते. दोन ओळी तयार ठेवा, एक पिनांची (२, ३, ४, ५, ६) आणि एक स्वरांची (२४०, २७०, ३००, ३६०, ४००). ‘आत्ताचा’ आणि ‘आधीचा’ अशी दोन नावं घ्या, रोमन अक्षरांत. ‘आधीचा’ हे नाव ‘लूप’च्या बाहेर, सगळ्यात वर जाहीर करा, नाहीतर दर फेरीला ते कोरं होईल. प्रत्येक फेरीत ‘आत्ताचा’ शून्य करा. मग ‘फॉर’ने पाचही पिना वाचा, जी ‘लो’ असेल तिचा स्वर ‘आत्ताचा’मध्ये घाला. पाचही वाचून झाल्यावर पाहा: ‘आत्ताचा’ आणि ‘आधीचा’ वेगळे असतील तरच पुढे जा. ‘आत्ताचा’ शून्य असेल तर ‘नोटोन’, नाहीतर ‘टोन’ने तो स्वर. शेवटी ‘आधीचा’मध्ये ‘आत्ताचा’ ठेवा आणि ५ मिलिसेकंद थांबा.

‘वेगळे असतील तरच’ ही अट गाळू नका. ती नसेल तर ‘टोन’ सेकंदाला शेकडो वेळा नव्याने सुरू होतो आणि स्वर खरखरीत लागू शकतो. शेवटचे पाच मिलिसेकंद बटणाच्या आतली पत्री थरथरते त्यासाठी आहेत.

या रचनेत दोन बटणं एकदम दाबली तर यादीतलं नंतरचं, म्हणजे वरचा स्वर, जिंकतं. त्याचा वाजवताना सुंदर उपयोग होतो. डाव्या बोटाने सा दाबून ठेवा आणि उजव्या बोटाने रे वर हलकी टिचकी मारा: रे क्षणभर चमकतो आणि सा परत येतो, मध्ये शांतता न येता. हा कण झाला. ग धरून प ची टिचकी, प धरून ध ची टिचकी, सगळ्या जागा अशा निघतात. उलट, वरचा स्वर धरून खालच्याचा कण हवा असेल तर ‘फॉर’ची मोजणी चारकडून शून्याकडे करा.

उरलेली दोन बटणं सप्तकांची. पिन ७ दाबलेली असेल तर ‘आत्ताचा’ दुप्पट, पिन ९ दाबलेली असेल तर निम्मा. मग तार सा (सा आणि ७) आणि मंद्र ध (ध आणि ९) हे दोन्ही हाताशी येतात, आणि पकड पूर्ण वाजवता येते.

मींड

प वरून ग वर घसरत यायचं असेल तर ३६० पासून ३०० पर्यंत लहान लहान पावलांनी उतरायचं. दर पावलाला दीड वजा करून नव्हे, गुणून. कान स्वरांमधलं अंतर प्रमाणात ऐकतो, वजाबाकीत नाही. सरळ वजाबाकीने केलेली मींड शेवटी घाई केल्यासारखी वाटते. चाळीस पावलं घ्या, दर पावलाला ०.९९५४५ ने गुणा, प्रत्येक पावलावर १० मिलिसेकंद थांबा. चाळीस पावलांनंतर ३६० चे बरोबर ३०० होतात आणि मींड ०.४ सेकंदात पूर्ण होते. आकडा ‘फ्लोट’ प्रकारचा ठेवा, पूर्णांक ठेवलात तर दर पावलाला अपूर्णांक कापला जाऊन मींड भलतीकडेच उतरते.

चाळीसपेक्षा जास्त पावलांनी गुळगुळीतपणा वाढत नाही. त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

मागितलेला स्वर आणि मिळालेला स्वर

ऊनोवर ‘टोन’ ज्या घड्याळावर चालतो तो टायमर आठ बिटांचा आहे, म्हणजे २५६ पर्यंतच मोजू शकतो. आपल्या बहुतेक स्वरांसाठी तो ६२५०० या आकड्याला एखाद्या पूर्ण संख्येने भागतो. ३०० मागितले तर २०८ ने भागतो आणि ३००.५ देतो. ३६० मागितले तर १७३ ने भागतो, ३६१.३ देतो. १७३ पासून २०८ पर्यंत ३५ पायऱ्या झाल्या. प आणि ग यांच्यामध्ये या वाद्याकडे एवढ्याच श्रुती आहेत, चाळीस पावलं त्यांना पुरून उरतात.

सा ला २४०.४ मिळतात, ध ला ४००.६. सगळे जरासे वर सरकलेले, पण एकमेकांशी असलेलं नातं जवळपास शाबूत. ग आणि सा यांचं प्रमाण तर इतकं चोख येतं की तंबोऱ्यासोबत तो गंधार विरघळतो. शुद्ध निषाद मात्र फसवतो. ४५० मागितले तर हिशोबात भागाकार १३८.९ येतो, चिप दशांश टाकून १३८ घेते आणि ४५२.९ देते. कानाला तो टोचतो. तिथे ४४९ लिहा: भाजक १३९ होतो आणि ४४९.६ मिळतात. एका आकड्याच्या फरकाने निषाद जागेवर येतो. भूपात नि नाही, पण यमन लावायला गेलात तर हे उपयोगी पडेल. याहून काटेकोर स्वर हवे असतील तर त्याच चिपमधला टायमर १ सोळा बिटांचा आहे. तो थेट वापरायला शिका.

डबा, आवाज, वीज

उघडा स्पीकर हातात धरला तर पुचाट वाजतो, कारण शंकूच्या पुढची आणि मागची लहर एकमेकींना खाऊन टाकतात. दोघींच्या मध्ये भिंत घाला. श्रीखंडाच्या प्लॅस्टिकच्या डब्याच्या झाकणाला पाच सेंटिमीटरचं भोक पाडा, स्पीकर आतून ग्लू गनने कडेकडेने चिकटवा, झाकण घट्ट लावा. खालचे स्वर एकदम भरून येतात; हा फरक कुठल्याही महागड्या सुट्या भागाने मिळणार नाही. डब्यात थोडा कापूस ठेवला तर घुमणंही कमी होतं.

त्याहून मोठा आवाज हवा असेल तर पॅम ८४०३ चा छोटा अँप्लिफायर बोर्ड घ्या. तो पाच व्होल्टवर चालतो. पिन ८ पासून आधी १० किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट, मग अँप्लिफायरची इनपुट, आणि दोघांचा जीएनडी एक. स्पीकर मात्र त्याच्या एकाच बाजूच्या आउटपुटच्या अधिक आणि उणे या दोन टोकांमध्येच जोडायचा. स्पीकरचं एक टोक सवयीने जीएनडीला लावलंत तर त्या बोर्डाचं नुकसान होतं. पिन ८ वर इअरफोन थेट लावून ऐकू नका, कानाला त्रास होईल.

विजेसाठी ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लवकर उतरते. पॉवर बँक लावा, पण काही पॉवर बँका प्रवाह कमी आहे म्हणून अर्ध्या मिनिटात स्वतःहून बंद होतात. घरातली एक लावून पाहा, नाही टिकली तर मोबाइलचा चार्जर.

स्वर बदलून ऐका

स्वरांची ती एक ओळ बदलली की राग बदलतो. दुर्गा: २४०, २७०, ३२०, ३६०, ४००. भूपातला ध ४०० आहे; तिथे ४०५ घालून बटणांचा तोच क्रम वाजवा. पाच आंदोलनांनी चढलेला हा धैवत २७/१६ चा. ४०० आणि ४०५ मधलं ८१/८० हे अंतर म्हणजे प्रमाणश्रुती. देशकाराचे स्वर भूपाचेच, पण त्याचा धैवत चढा, असं अनेक जाणकार मानतात. पुस्तकात हे वाचून जे उमजत नाही ते इथे दोन आकडे आळीपाळीने घालून ऐकता येतं.

मालकंसाला २४०, २८८, ३२०, ३८४, ४३२. आता तंबोरा मध्यमाचा लावा आणि कोमल निषादाचं बटण दाबून धरा. ४३२ चा निषाद आवाजात हेलकावे घेतो. मग ४२७ लिहून पुन्हा अपलोड करा: मध्यमापासून हा बरोबर ४/३ वर, म्हणजे सा-म हे जे नातं तेच म-नि चं. माझ्या कानाला मालकंसात ४२७ चाच पटतो.